एका नंबरावर दोन माणसं

माझ्या वडिलांचं नाव गिरणीच्या यादीतून पुसलं गेलं. ज्या प्रोग्रामने ते पुसलं, तो मला गिरगावच्या एका माणसाने ‘जसाच्या तसा चालेल’ असं सांगून बसवून दिला. त्याने मला फसवलं. त्याच्या शब्दावर मी कामगारांच्या समितीला शब्द दिला, म्हणजे मी समितीला फसवलं. आणि यादीत ज्याचं नाव राहिलं त्याने माझ्या वडिलांना फसवलं, असंही मी बरीच वर्षं म्हणत होते. हे शेवटचं वाक्य आता मागे घेते. पहिली दोन घेत नाही.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर कामाला होते. संप दोन महिन्यांत मिटेल असं चाळीत सगळे म्हणत होते. दोनाचे सहा झाले तेव्हा मी दादरच्या एका टायपिंग क्लासात गेले आणि मास्तरांना म्हटलं, फी देणार नाही. रोज सकाळी येऊन सगळ्या मशीन पुसेन, रिबिनी बदलेन, आणि जी मशीन कोणाला नको असते त्या मशीनवर बसेन. मास्तर म्हणाले, ‘तिची स्पेस अडकते.’ मी म्हटलं, ‘अडकू दे, मी अंगठा जोरात मारेन.’ भाव करायला मी तिथे शिकले. समोरच्याला नको असलेली वस्तू आधी मागायची, मग त्याला नाही म्हणता येत नाही.

पुढे करी रोडला चाळीच्या जिन्याखाली माझं टायपिंगचं दुकान झालं. मग झेरॉक्स आली, मग कॉम्प्युटर. यातलं काहीही कोणी मला सहज दिलं नाही. जिन्याखालची जागा मी घरमालकाशी तीन वर्षं भांडून मिळवली. माझा आवाज चढला की वरच्या मजल्यावरचे लोक कठड्याशी येऊन उभे राहायचे. वडील त्यांना म्हणायचे, ‘जावा रे घराक. माझा चेडू धंदो करता.’ चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी.

वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. संप मिटल्याचं कोणी जाहीर केलं नाही. एक दिवस भोंगा पुन्हा वाजायला लागला आणि काही माणसं आत जाऊ लागली, एवढंच. वडील बाहेर राहिले. बाहेर राहायचं ठरलं होतं, म्हणून राहिले.

आता नंबराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावर आहे. गिरणीत प्रत्येकाला तिकीट नंबर असायचा. पितळेच्या बिल्ल्यावर तो ठोकलेला. माणूस त्या नंबराने ओळखला जायचा. हजेरी त्याच्यावर, पगार त्याच्यावर, रजा त्याच्यावर. आमच्या गिरणीत नंबर कधी मरत नसे. माणूस गेला, थकला, गावी परतला, की त्याचा नंबर पुढच्याला मिळायचा. बहुतेक वेळा हा पुढचा म्हणजे त्याचाच भाऊ, पुतण्या किंवा गावातला कोणी असायचा. यात कोणाला वावगं वाटत नसे, उलट मान वाटायचा. वडिलांना दोन हजार चारशे सतरा हा नंबर त्यांच्या मामांकडून आला होता. मामांचं नाव घरात कमी निघायचं, पण नंबराचा विषय निघाला की वडील जरा ताठ बसायचे.

वडील बाहेर राहिल्यावर गिरणीने तो नंबर आमच्या समोरच्या खोलीतल्या माणसाला दिला. तो आमच्याच गावचा. वडिलांहून दहा वर्षांनी लहान, संपाआधी बदली कामगार, म्हणजे कोणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरता कामावर घेतला जाणारा. संप चालू असतानाच तो मागच्या दाराने आत गेला आणि त्याला कायमचा नंबर मिळाला. चाळीत हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. वडीलही बोलले नाहीत. फक्त दोन्ही घरांचे दरवाजे, जे पूर्वी दिवसभर उघडे असायचे, ते लोटलेले राहू लागले.

बऱ्याच वर्षांनी, गिरण्या पडून त्या जागी टॉवर उभे राहायला लागले तेव्हा, कामगारांना घरं देण्याची गोष्ट निघाली. आमच्या गिरणीच्या जुन्या लोकांनी एक समिती केली. संपाआधी कधीही पटावर असलेल्या प्रत्येकाची, कायम असो की बदली, कागदपत्रांसह यादी करून द्यायची होती. यादीचं काम मी घेतलं. मागून घेतलं. दुसऱ्या एका कॉम्प्युटरवाल्याला देणार होते, त्याच्यासमोर मी म्हटलं, ‘याला साचेखातं म्हणजे काय ते विचारा.’ त्याने आपली बॅग उचलली आणि काम माझ्याकडे आलं.

समितीत एक म्हातारे टाइमकीपर होते. चाळीस वर्षं त्यांनी हजेरी घेतलेली. ते माझ्या दुकानात स्टुलावर बसायचे, कागद वाचायचे आणि मी टाइप करायचे. प्रोग्राम गिरगावच्या त्या माणसाने केला होता. हुशार, मृदू बोलणारा, शर्टाच्या खिशाला नेहमी दोन पेनं. काम असं चालायचं: मी एका माणसाची माहिती भरली की ती आधी ‘कच्ची’ नावाच्या फाइलीत जायची. टाइमकीपर तपासून ‘बरोबर’ म्हणाले की मी एक बटण दाबायचे आणि त्या फाइलीचं नाव बदलून तिला तिकीट नंबराचं नाव मिळायचं. फाइलीला माणसाचं नाव द्यायचं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही. एकाच नावाची चार-चार माणसं गिरणीत होती. नंबर मात्र एकाचा एकच, असं आम्ही धरून चाललो. नंबर हातोहात फिरतो हे ज्यांना जन्मापासून ठाऊक होतं, ते आम्हीच.

तरी काही बिघडलं नाही, कारण जुनी मशीन शहाणी होती. काळ्या पडद्याची, डॉस नावाच्या जुन्या सिस्टिमवर चालणारी. त्या नंबराची फाइल आधीच असेल तर ती नाव बदलायला नकार द्यायची. मशीनमधून बेल वाजायची आणि पडद्यावर यायचं: हा नंबर आधीच आहे. मग टाइमकीपर चष्मा वर करायचे.

‘कोण? बाराशे आठ? तो काका. हा पुतण्या. काका मोठा गडी होता, पण पान खाऊन धाग्यावर थुंकायचा. पुतण्याला वेगळा ठेव.’

मी पुतण्याला ‘दुसरा’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचे. दिवसातून दोन-तीनदा बेल वाजायची, आणि दर वेळी एक गोष्ट ऐकायला मिळायची. मला ती बेल आवडायला लागली होती.

पहिल्या वर्षी आले ते सगळे संपाआधीच निवृत्त झालेले, नाहीतर संपात बाहेर राहिलेले. त्यांना लपवायचं काही नव्हतं. वडील तर पहिल्याच दिवशी आले, धुतलेला सदरा घालून, गिऱ्हाइकासारखे रांगेत उभे राहिले. पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिधीची पावती, गिरणीचं नेमणुकीचं पत्र, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी त्यांची माहिती भरली. बेल वाजली नाही, कारण ते पहिले होते. टाइमकीपर म्हणाले, ‘झेरॉक्स काढून ठेव गो.’ मी म्हटलं, ‘घरचंच आहे, काढते नंतर,’ आणि पिशवी बाकीच्यांच्या कागदांबरोबर समितीच्या खोलीत गेली. झेरॉक्स मशीन माझ्या पाठीशी चार हातांवर होती.

मग काम वाढलं आणि जुनी मशीन पुरेना. गिरगाववाला म्हणाला, नवी घेऊ या, तिच्यावर डॉसऐवजी लिनक्स टाकतो, ती फुकट असते. फुकट म्हटल्यावर मी कान टवकारले.

‘आणि आपला प्रोग्राम?’

‘सी नावाच्या भाषेत लिहिलाय, मॅडम. भाषा तीच. तिकडे नेऊन पुन्हा कंपाइल केला, म्हणजे त्या मशीनसाठी नव्याने तयार करून घेतला, की झालं.’

‘जसाच्या तसा चालेल?’

‘जसाच्या तसा.’ मग म्हणाला, ‘चार दिवस चाचणीचे धरलेत मी. दोन्ही मशीन शेजारी ठेवून बघू.’

‘जसाच्या तसा चालणार असेल तर चाचणी कशाची?’

तो हसला. म्हणाला, ‘तसं काही नाही, आपली पद्धत म्हणून.’

‘पद्धत तुझ्या घरी ठेव. ते चार दिवस काढ. आणि जुनी मशीन तू घेऊन जा, तेवढं यातून कमी कर.’

त्याने दोन्ही केलं. फाइली नव्या मशीनवर उतरवल्या, आणि जुनी मशीन नेण्याआधी, माझा माल कोणाच्या हाती पडू नये म्हणून, माझ्यासमोरच ती पुसून कोरी केली. मीच तसं सांगितलं होतं. त्या दिवशी मी दुकानातून घरी येताना फार खूश होते. असा सौदा मी बऱ्याच दिवसांत केला नव्हता.

नव्या मशीनवर दुसरी तुकडी आली. हे उशिरा आलेले लोक. बदलीवाले, आणि संप चालू असताना आत गेलेले. ते दुपारी यायचे, दुकानात कोणी नसताना. कागद काउंटरवर ठेवायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे. टाइमकीपरांचे डोळे तोवर गेले होते, ते येईनासे झाले होते. काम भराभर होत होतं. बेल एकदाही वाजली नाही. नवी मशीन आहे, ‘दुसरा’ आपोआप करत असेल, असं मी मनाला सांगितलं.

एके दिवशी समोरच्या खोलीतला तो आला.

‘बाय, माझा पण भरतंस काय?’

मी हात पुढे केला. तोंड वर केलं नाही. स्टूल समोर होतं, त्याला बस म्हटलं नाही. त्याचे कागद उघडले आणि नंबर बघितला. बघायची गरज नव्हती, पण बघितला. दोन हजार चारशे सतरा.

खरं सांगते, त्या क्षणी मला बेल हवी होती. ती वाजावी, पडद्यावर ‘हा नंबर आधीच आहे’ असं यावं आणि मी पडदा त्याच्याकडे फिरवून म्हणावं, वाच. इतकी वर्षं चाळीत कोणी बोललं नव्हतं ते मशीनने बोलावं. मी माहिती भरली, फटाफट भरली, आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. पडद्यावर आलं: झालं.

तो म्हणाला, ‘झाला?’

मी म्हटलं, ‘झालं. जा.’

मी तेव्हाच वडिलांची फाइल उघडून बघायला हवी होती. दोन बटणांचं काम. पण बाहेर गिऱ्हाईक आलं होतं, आणि मी रागात होते. मी उठून त्याची झेरॉक्स काढायला गेले.

यादी पुरी झाली तेव्हा समितीची खोली रिकामी करायची होती, इमारत पाडणार होते. मी सगळ्यांना सांगितलं, आपापले कागद घेऊन जा, मशीनमध्ये सगळं आहे, हा पसारा कशाला. लोक आले आणि घेऊन गेले. राहिले ते रद्दीत गेले. वडील गेले नाहीत. समितीच्या माणसाने आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, ‘चेडवाच्या मशीनीत आसत मा. हातात धरून काय करू?’

यादी भोईवाड्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात लावली. वडील एकटे गेले. दुपारी परत आले, चपला काढल्या, पाणी प्यायले. मी विचारलं, ‘बघितलं?’

‘बघितलंय.’

‘मग?’

‘लंबर आसा,’ ते म्हणाले. ‘नाव माझा नाय.’

मी तशीच दुकानात गेले आणि फाइल उघडली. दोन हजार चारशे सतरा. आत समोरच्या खोलीतला माणूस होता, त्याच्या बापाचं नाव, गाव, जन्मसाल. माझ्या वडिलांचं एक अक्षर कुठे नव्हतं. ‘दुसरा’ कप्पा उघडला. त्यात जुन्या मशीनवरचे काका-पुतणे होते, नवा एकही नाही. मग बाकीचे नंबर बघितले. ज्यांचे ज्यांचे नंबर मागच्या दाराने आत गेलेल्यांना मिळाले होते, ते सगळे बाहेर राहिलेले यादीतून गेले होते. आधी आले होते म्हणून गेले. ज्यांना लाज वाटली म्हणून उशिरा आले, ते राहिले. बाकीच्यांकडे परत नेलेले कागद होते, त्यांनी धावपळ करून नावं पुन्हा घालून घेतली. माझ्या वडिलांकडे बिल्ला होता. बिल्ल्यावर नंबर असतो, नाव नसतं.

गिरगाववाल्याकडे मी त्याच दिवशी गेले. तिथे मी काय काय बोलले ते लिहीत नाही. तो बसून ऐकत होता. मग कागदावर दोन चौकोन काढून समजावू लागला.

‘मॅडम, नाव बदला म्हटलं की डॉस आधी बघायची, त्या नावाचं कोणी आहे का. असेल तर नकार द्यायची. आपली बेल त्या नकारावर वाजत होती. लिनक्स नकार देत नाही. ती आधीच्याला काढते आणि नव्याला त्याच्या जागी बसवते. एका क्षणात. मधे वीज गेली तरी अर्धवट काही राहू नये म्हणून तसं केलंय. ती चूक नाही, तिची रीत आहे.’

‘भाषा तीच होती ना?’

‘भाषा तीच.’

‘मग भाषेच्या पुस्तकात काय लिहिलंय? काय व्हायला पाहिजे?’

त्याने पुस्तक काढलं. मला बोट ठेवून दाखवलं. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर काय व्हावं, हे ज्या त्या मशीनवर सोडलं आहे.

‘म्हणजे पुस्तक हात वर करतं.’

‘तसंच म्हणा.’

‘आणि हे तुला माहीत होतं?’

त्याने टोपण लावून पेन खिशात ठेवलं. म्हणाला, ‘वाचलं होतं कधीतरी. त्या वेळी डोक्यात आलं नाही. चाचणीत आलं असतं. चाचणी तुम्ही काढून टाकलीत.’

मी उठून आले. सगळा रस्ता एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. आधीच्याला काढते आणि नव्याला त्याच्या जागी बसवते. गिरणीने केलं तेच. माझ्या हाताने, पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी समोरचा दरवाजा उघडला आणि तो आमच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. कितीतरी वर्षांनी. वडील खाटेवर बसले होते.

‘भाऊ, माझ्या कानार इला. मी लिवन देतंय. लंबर आधी तुमचो होतो, मगे माका गावलो, असा.’

मी लगेच म्हटलं, ‘दे लिहून. आत्ता. मी टाइप करते.’

‘कधी गावलो, ताय लिवचा लागतला,’ वडील म्हणाले.

‘लिवतंय ना.’

‘आणि कसो गावलो तां?’

समोरच्याची दोन मुलं मोठी झाली होती, धाकट्याचं लग्न ठरत होतं. आत जाण्याबद्दल त्याने घरात कधी सांगितलं नसणार. कागदावर सही करून, चारचौघांसमोर, तो पहिल्यांदा म्हणणार होता की संप चालू असताना मी दुसऱ्याच्या नंबरावर आत गेलो.

‘बस मेल्या, च्या घे,’ वडील म्हणाले. ‘तुका तां लिवचा नाय. पोटासाठी गेलंस. माका म्हायत आसा, तुका म्हायत आसा. पुरे.’

तो बसला. चहा प्यायला. दोघे गावच्या कुठल्याशा विहिरीबद्दल बोलत होते. मी आत स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होते. एवढा मोठेपणा कशाला, असं मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडले असते तर चाळीतल्या लोकांना नवल वाटलं नसतं. पण वडील इतक्या दिवसांनी हसत होते.

त्या दिवसानंतर दोन्ही दरवाजे उघडे राहू लागले. वडिलांचं नाव शेवटपर्यंत यादीत लागलं नाही. अर्ज मी तीन वेळा केला. प्रत्येक वेळी कागद मागितला, आणि कागद मी रद्दीत घालवलेला. घर मिळावं अशी त्यांची फार ओढ नव्हती, करी रोडची खोली त्यांना पुरत होती. त्यांना ते नाव हवं होतं. बाहेर राहिलेल्यांच्या ओळीत, त्या नंबरापुढे, मामांच्या नंतर आपण होतो एवढं कुठेतरी लिहिलेलं हवं होतं. ते गेले तेव्हा समोरच्याने खांदा दिला. वडिलांचा बिल्ला त्याने मागितला नाही. तो बिल्ला माझ्या दुकानात काउंटरच्या काचेखाली आहे.

गिरगाववाल्याने आता मोठं ऑफिस थाटलं आहे म्हणे. मला कोणी सांगतं, जाऊ दे, चूक तुझीही होती. होती. चाचणीचे चार दिवस मी काढले, जुनी मशीन मी दिली, झेरॉक्स मी काढली नाही, आणि त्या दुपारी रागाच्या भरात फाइल मी उघडली नाही. माझा वाटा मी मोजून घेतला आहे आणि रोज उचलते आहे. पण सगळा माझा नाही. पुस्तक म्हणतं मशीनने ठरवावं. मशीन म्हणते माझी रीत आहे. ज्याने ते पुस्तक वाचलं होतं त्याने मला ‘जसाच्या तसा’ म्हणून सांगितलं. चाचणी कशाची असं मी विचारलं तेव्हा त्याने हसण्याऐवजी एक वाक्य बोलायचं होतं: मॅडम, तिकडे गेल्यावर माणसं पुसली जाऊ शकतात. मी आयुष्यभर भाव केला, पण या वाक्यावर भाव केला नसता.

त्याने करी रोडला यावं. जिन्याखाली माझं दुकान अजून आहे, स्टूल अजून आहे. त्या काचेखालचा नंबर वाचावा आणि त्याच्यापुढे यादीत पहिलं नाव कोणाचं होतं ते माझ्या तोंडावर सांगावं. आणि ते वाक्य तो का बोलला नाही, याचं उत्तर द्यावं.